कड्याच्या पायथ्याशी : मावळातील डोंगरवस्तीची दोन हजार वर्षे

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात पाले नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाजवळच्या डोंगरात एक अगदी साधे लेणे असून त्यात एक ब्राह्मी शिलालेख कोरलेला आहे. डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनी तो वाचून प्रसिद्ध केला, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष या आडबाजूच्या डोंगराकडे वेधले गेले. लेखाचा आरंभ अर्हतांना केलेल्या वंदनाने होतो. अक्षरांच्या वळणावरून तो इसवी सनाच्या आरंभाच्या आधीचा ठरविण्यात आला आहे, आणि महाराष्ट्रातील जैन धर्माच्या सर्वांत जुन्या लेखी पुराव्यांपैकी एक म्हणून बहुतेक अभ्यासक त्याकडे पाहतात. लेखातील मजकूर थोडका आहे. भदंत इंदरखित यांनी हे लेणे करविले आणि पोढीही करविली, एवढेच त्यात सांगितले आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके.

लेणे आणि पोढी, म्हणजे निवारा आणि पाणी. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगराकडून माणसाने या दोनच गोष्टी मागितल्या. श्रमणांचा विहार वर्षाकाळात थांबतो. चातुर्मासात एका जागी स्थिर राहावयाचे, तर डोक्यावर न गळणारे छत आणि हाताशी स्वच्छ पाणी हवे. मावळच्या काळ्या कातळाने ते दोन्ही दिले. परंतु ज्या चार महिन्यांत हा निवारा लागतो, त्याच चार महिन्यांत हा डोंगर सर्वाधिक धोक्याचाही असतो. आषाढ-श्रावणात सह्याद्रीचे कडे ओथंबतात, धोंडे सुटतात, दरडी कोसळतात. कड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाचा इतिहास हा या निवाऱ्याचा आणि या धोक्याचा एकत्रित इतिहास आहे.

अग्नीतून घडलेल्या पायऱ्या

सह्याद्रीचा हा भाग ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. आज या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग त्यातच मोडतो. भूशास्त्रात याला दक्षिणेचे ‘ट्रॅप’ म्हणतात. स्वीडिश भाषेत जिन्याच्या पायरीला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आले. लोणावळ्याहून कोणत्याही बाजूला पाहिले तरी या नावाची यथार्थता पटते. उभा कडा, त्याखाली सपाट माची, पुन्हा कडा, पुन्हा माची, अशी ही महाकाय पायऱ्यांची रचना आहे.

सर्व थर सारखे नसतात. काही थर घट्ट, काळेभोर आणि अतिशय कठीण असतात. परंतु लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे त्यांत उभ्या भेगा पडलेल्या असतात. काही थर सच्छिद्र असून ते लवकर झिजतात. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पातळ पट्टा आढळतो. हा पट्टा पाण्याने मऊ होतो. वरचा कठीण थर उभाच राहतो, खालचा मऊ थर मात्र हळूहळू खात जातो. शेवटी वरच्या कड्याचा काही भाग आधारावाचून पुढे आलेला राहतो. वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात काळा दगड तापतो, रात्री निवतो, आणि प्रत्येक वेळी भेग किंचित रुंदावते. भेगेत पिंपळाचे किंवा उंबराचे मूळ शिरले की तेही पाचरीसारखे काम करते. मग मृगाचे पाणी त्या भेगेत उतरते आणि एखाद्या रात्री घराएवढा धोंडा मोकळा होतो.

हा झाला कड्यावरून धोंडा सुटण्याचा प्रकार. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. कड्याच्या पायथ्याशी शतकानुशतके साचलेली माती, मुरूम आणि दगडगोटे उताराला चिकटून असतात. अनेक दिवसांच्या संततधारेने हा थर पाण्याने गच्च भरतो. त्याचे वजन वाढते, खालच्या कातळाशी असलेली पकड सुटते आणि सगळा उतार चिखल होऊन खाली धावतो. मावळात आणि कोकणात गावेच्या गावे गाडली गेली, ती मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराने.

माणूस तेथेच का राहिला?

शहरातून पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की एवढा धोका असताना लोक कड्याखाली घर का बांधतात? याचे उत्तरही त्या थरांतच दडलेले आहे. पावसाचे पाणी सच्छिद्र थरातून आणि भेगांतून खाली झिरपते. घट्ट थरापाशी ते अडते आणि आडवे वाहू लागते. जेथे हा घट्ट थर उतारावर उघडा पडतो, तेथे झरा फुटतो. म्हणजे झरा नेमका कड्याच्या पायथ्याशी, माचीच्या आतल्या कडेला असतो. तेथेच थोडी सपाट जमीन मिळते, तेथेच माती साचलेली असते, भात-नाचणी पिकते. पश्चिमेच्या वाऱ्यापासून कडा आडोसा देतो. गुरांना वरच्या पठारावर चारा मिळतो. महादेव कोळी, ठाकर, धनगर आणि कुणबी यांच्या कित्येक वाड्या याच रेषेवर वसल्या आहेत.

ज्या पाण्याने वस्ती जगली, तेच पाणी तिच्या डोक्यावरचा उतार सैल करीत असते. झरा आणि दरड या एकाच पाण्याच्या दोन वाटा आहेत. पूर्वजांना ही गोष्ट भूशास्त्राच्या भाषेत माहीत नव्हती. पण त्यांच्या बांधकामांत ती समज जागोजाग दिसते.

लेणे खोदणाऱ्यांची नजर

इंद्रायणीच्या खोऱ्यात समोरासमोरच्या डोंगरांत कार्ले आणि भाजे येथील बौद्ध लेणी आहेत. भाजे येथील लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासूनची असून त्यांची संख्या २२ आहे. कार्ले येथील चैत्यगृह भारतातील खोदीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे मानले जाते. पाले येथील लेणे या भव्य कामांच्या तुलनेत अगदी लहान आहे. लोहगडाच्या परिसरातही त्याच धाटणीचा, अर्हतांना वंदन करणारा लेख अलीकडच्या काळात आढळला आहे. संप्रदाय वेगळे असले तरी या सर्वांनी एकच डोंगर वाचला होता.

लेणे कोठेही खोदता येत नाही. छिन्नीला वश होईल इतका मऊ, पण छत तोलून धरील इतका एकसंध थर शोधावा लागतो. भेगा शक्य तितक्या कमी हव्यात. म्हणूनच एका डोंगरातील लेणी पुष्कळदा एकाच पातळीवर रांगेने आढळतात. कारागिरांनी थर निवडला आणि तो धरूनच ते पुढे सरकले. थर निवडल्यावर दुसरे काम पाण्याचे. कातळावरून ओघळणारे पाणी लेण्याच्या तोंडावर न येता बाजूला जावे म्हणून बारीक पन्हळी खोदल्या गेल्या, आणि ते पाणी वाया न घालवता टाक्यात उतरविले गेले. पोढी ही पिण्याच्या पाण्याची सोय होतीच, पण पाण्याला त्याची जागा नेमून देण्याची ती युक्तीही होती.

अर्थात त्यांचे अंदाज प्रत्येक ठिकाणी बरोबर ठरले नाहीत. राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यावरून पावसाळ्यात पाण्याची धार कोसळते. तेथील चैत्यगृहाचे खांब आणि दर्शनी भाग ढासळला आहे. ज्या लेण्यांना पाण्याची वाट नीट मिळाली ती टिकली, आणि जेथे पाण्याने आपली वाट स्वतः काढली तेथे दगड गेला. मावळचा डोंगर फिरून पाहणाऱ्यास हा धडा अनेक ठिकाणी वाचावयास मिळतो.

गड, घेरा आणि मेट

मध्ययुगात याच कड्यांवर गड उभे राहिले. लोहगड आणि विसापूर ही जोडी भाजे गावाच्या माथ्यावर आहे. विसापूरची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक आहे. गडकऱ्यांच्या दृष्टीने कडा हा संरक्षक तट होता, आणि सुटे धोंडे हे शस्त्र होते. वर रचून ठेवलेले दगड चढणाऱ्या शत्रूवर लोटून देणे ही गड लढविण्याची नेहमीची रीत होती. कोसळणाऱ्या दगडाची ताकद किती असते, हे गडावरच्या आणि गडाखालच्या दोघांनाही पुरेपूर ठाऊक होते.

रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाण्याची खात्री करून घेण्यावर मोठा भर दिला आहे. विसापूर आणि लोहगड यांवरील असंख्य टाकी पाहिली म्हणजे या विचाराचे महत्त्व ध्यानात येते. माथ्यावर पडणारा पाऊस टाक्यांत व तळ्यांत साठविला जाई. त्यामुळे तेवढे पाणी तरी उतारावर मोकळे धावत नसे.

गडाच्या भोवतालच्या प्रदेशाला ‘घेरा’ म्हणत. पायथ्याशी आणि अवघड वाटांवर ‘मेट’ म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या असत. तेथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावर नजर ठेवीत. त्यांचे काम शत्रू पाहण्याचे होते हे खरे. पण जो माणूस बारा महिने तोच उतार चढतो-उतरतो, त्याला कोणता दगड हलला आणि कोणता ओहळ गढूळ झाला हेही समजते. ४ मार्च १८१८ रोजी विसापूर इंग्रजांच्या हाती पडला आणि पाठोपाठ लोहगडही गेला. गडांची शिबंदी उठली आणि मेटांचे कारण संपले. सह्याद्रीतील अनेक गडांच्या पायऱ्या व तटबंदी इंग्रजांनी मुद्दाम उद्ध्वस्त केली. टाकी गाळाने भरू लागली. पहाऱ्याची व्यवस्था मोडली, वस्ती मात्र कड्याखाली तशीच राहिली.

लोहमार्ग आणि डोंगराची रोजची हजेरी

डोंगराकडे पुन्हा नियमाने पाहण्याची पद्धत आली ती लोहमार्गामुळे. बोरघाटातील रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये घाट वाहतुकीस खुला झाला. जेम्स बर्कले हे त्याचे मुख्य अभियंता होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल यांचे काम सुरू असतानाच निधन झाले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते कंत्राट पुढे तडीस नेले. या घाटासाठी २५ बोगदे खोदावे लागले. सुरुंग, दरडी, पटकी आणि हिवताप यांनी हजारो मजुरांचे बळी घेतले. त्या मजुरांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

रुळांवर एक धोंडा आला तरी गाडी जाते, हे लक्षात आल्यामुळे रेल्वेने एक शिस्त घालून घेतली. आजही पावसाळ्यापूर्वी ‘हिल गँग’ नावाने ओळखली जाणारी कामगारांची पथके घाटातील कड्यांवर दोरांना लोंबकळत उतरतात. पहारीने प्रत्येक दगड ठोकून पाहतात. जो पोकळ वाजतो किंवा हलतो, तो गाडी नसताना मुद्दाम खाली पाडतात. काही कड्यांवर पोलादी जाळ्या आवळल्या आहेत. पाण्यासाठी चर काढले आहेत. पावसाळ्यात गस्त घालणारे कामगार रात्रंदिवस रुळांवरून फिरतात. तरीही दरडी कोसळतात आणि गाड्या थांबतात. पण गाडी थांबते, कारण कोणीतरी पाहत असतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्यासाठी घाटात नवे डोंगर कापले गेले. १९ जुलै २०१५ रोजी आडोशी बोगद्याजवळ धावत्या मोटारींवर दरड कोसळली आणि त्यात प्रवाशांचे प्राण गेले. त्यानंतर तेथील सुटे दगड काढून जाळ्या बसविण्यात आल्या. रस्ता आणि रेल्वे यांच्या डोक्यावरचा कडा अशा रीतीने सरकारी वहीत नोंदला गेला. वाडीच्या डोक्यावरचा कडा मात्र त्या वहीत फार उशिरा आला, आणि तोही पुरता आला नाही.

भाजे ते इर्शाळवाडी

२३ जुलै १९८९ रोजी भाजे गावावर डोंगराचा उतार कोसळला आणि ३९ जणांचा मृत्यू झाला. ज्या गावाच्या माथ्यावर दोन हजार वर्षांची लेणी सुखरूप उभी आहेत, त्याच गावात ही घटना घडली. लेण्यांचा कातळ जागेवरच होता. सरकला तो त्याच्याभोवतीच्या उतारावरील मातीचा आणि दगडांचा भार. घट्ट थर आणि सैल थर यांतला भेद यापेक्षा स्पष्ट कोठे दिसावा? त्या काळी ही एक एकटी दुर्घटना समजली गेली. काळाने तसे ठरविले नाही.

घाटाखाली महाड तालुक्यात २५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहण या गावांवर दरडी कोसळल्या. जवळपास दोनशे माणसे दगावली. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव चिखलाखाली गेले. नेहमीप्रमाणे गाव गाठणाऱ्या एस. टी. चालकाला समोर गाव दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली. १५१ जण मृत्युमुखी पडले. माळीणच्या परिसरात डोंगरउतारावर बांध घालून भाताची खाचरे तयार करण्याची ‘पडकई’ ही जुनी रीत आहे. गावकरी एकमेकांच्या शेतावर श्रमदानाने हे काम करीत. दुर्घटनेनंतर या कामात यंत्रे वापरून उतार खोलवर कापले गेल्याबद्दल बरीच चर्चा झाली. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होतेच. परंतु उताराचा पाया कापला आणि पाण्याची जुनी वाट मोडली की पाऊस आपले काम अधिक लवकर करतो, हेही त्या चर्चेतून लोकांपुढे आले.

२०११ मध्ये डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाविषयी आपला अहवाल दिला होता. तीव्र उतारांवरील खोदकाम, खाणी आणि रस्ते यांबाबत त्यात सावधगिरीचे इशारे होते. त्यावर वाद झाले आणि दुसरी समिती नेमली गेली. डोंगर मात्र वाद संपण्याची वाट पाहत थांबला नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. अंधारात, कोसळत्या पावसात बचावपथके डोंगर चढून गेली. यंत्रे वर नेता येईनात, म्हणून हातांनी माती उपसावी लागली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण सापडलेच नाहीत, आणि काही दिवसांनी शोध थांबवून ती जागाच त्यांची समाधी मानावी लागली.

यादीत नसलेले गाव

इर्शाळवाडीच्या दुर्घटनेनंतर एक गोष्ट समोर आली आणि ती फार अस्वस्थ करणारी होती. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४ मध्ये देशभरातील दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे तयार करण्याचा कार्यक्रम हाती घेतला होता. नकाशे झाले, याद्याही झाल्या. परंतु नकाशाचे प्रमाण मोठ्या प्रदेशाचे असते आणि वाडी चाळीस-पन्नास घरांची असते. यादीत नाव आहे म्हणून धोका आहे आणि नाव नाही म्हणून निर्धास्त राहावे, असा अर्थ काढणे किती महाग पडू शकते हे त्या रात्री दिसले.

डोंगर कोसळण्यापूर्वी पुष्कळदा सूचना देतो. जमिनीला नव्या भेगा पडतात. झाडे व विजेचे खांब कलतात. घराचे दार चौकटीत अडकू लागते. वर्षानुवर्षे नितळ वाहणारा झरा एकाएकी गढूळ होतो किंवा आटतो, आणि जेथे कधी पाणी नव्हते तेथे पाझर फुटतो. लहान दगड गडगडत येतात. ही लक्षणे नकाशावर उमटत नाहीत. ती पाहण्यास त्या उतारावर चालणारा माणूस लागतो, आणि त्याने सांगितलेले ऐकून घेणारी व्यवस्थाही लागते. पूर्वीच्या मेटकऱ्याचे आणि आजच्या हिल गँगचे काम हेच आहे. वाड्यांना मात्र असा पहारेकरी कोणी दिलेला नाही.

पुनर्वसनाचा प्रश्नही तितकाच कठीण आहे. माळीणच्या लोकांसाठी जवळच आमडे येथे नवे गाव उभारून २०१७ मध्ये घरे देण्यात आली. इर्शाळवाडीच्या वाचलेल्या कुटुंबांनाही पायथ्याला चौक परिसरात पक्की घरे बांधून देण्यात आली. घर मिळाले, पण झरा, खाचर, चराई आणि पूर्वजांची ठिकाणे वरच राहिली. धोक्यातून बाहेर काढताना माणसाचे जगणे मागे राहणार नाही, ही काळजी घेतल्याशिवाय कोणतीही वाडी आपणहून कडा सोडत नाही. दुर्घटना होण्याआधी हललेल्या वाड्या फार थोड्या आहेत, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

डोंगरावरील क्षेत्रे आणि पायथ्याची माणसे

हा विषय केवळ आदिवासी वाड्यांचा किंवा सरकारचा आहे, असे मानता येणार नाही. महाराष्ट्रातील जैन समाजाची कित्येक पवित्र क्षेत्रे याच ज्वालामुखीजन्य खडकावर वसलेली आहेत. नाशिकजवळ म्हसरूळचे गजपंथ आहे. येवला तालुक्यातील अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांपैकी टंकाईच्या उतारावर शिल्पसमृद्ध जैन लेणी आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी अंकाई गाव नांदते आहे. बागलाण तालुक्यातील मांगीतुंगी हे सिद्धक्षेत्र तर उघड्या कातळाच्या दोन सुळक्यांचेच आहे. हजारो पायऱ्या चढून आलेले यात्रेकरू उभ्या कड्यालगतच्या अरुंद वाटेने परिक्रमा करतात आणि त्याच कड्यात कोरलेल्या प्रतिमांचे दर्शन घेतात. गणिनीप्रमुख ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने तेथे अखंड पाषाणात घडविलेल्या भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंच मूर्तीची प्रतिष्ठा २०१६ मध्ये झाली. तेव्हापासून या डोंगराकडे देशभरातील भाविकांची पावले वळली आहेत.

जेथे पावले वाढतात तेथे पायऱ्या, धर्मशाळा, दुकाने, वाहनतळ आणि रस्ते वाढतात. पायथा कापला जातो आणि सांडपाण्याला नवी वाट मिळते. इतर समाजांच्या क्षेत्रांतही हीच स्थिती आहे. सप्तशृंगगडावर कड्याखालच्या मंदिराच्या आणि भाविकांच्या रक्षणासाठी पोलादी जाळ्यांचे अडथळे उभारावे लागले. श्रद्धेने उभारलेल्या वास्तूला कातळ सवलत देत नाही.

डोंगरावरील क्षेत्रांची व्यवस्था पाहणाऱ्या विश्वस्त मंडळांना या इतिहासातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. दर वर्षी ज्येष्ठापूर्वी जाणकारांकडून कड्याची पाहणी करून घेणे, जुनी टाकी व पन्हळी गाळ काढून वाहत्या ठेवणे, पायथा न कापणे, अतिवृष्टीत यात्रा थांबविण्याचे धैर्य दाखविणे, आणि भेग किंवा गढूळ पाणी दिसताच कळविण्यासाठी पायथ्याच्या गावातील दोन माणसे नेमणे, या गोष्टींना मोठा खर्च येत नाही. पायथ्याचे गाव वाचले तरच वरचे क्षेत्र नांदते. डोली उचलणारा, पायऱ्या झाडणारा, यात्रेकरूला पाणी देणारा माणूस त्याच गावातून येतो. कड्याखाली सर्वांत जास्त रात्री तोच झोपतो.

जैन आचारात इर्यासमितीला मोठे स्थान आहे. चालताना पुढची भूमी डोळ्यांनी पाहून, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा रीतीने पाऊल टाकावयाचे. हिंसेचे मूळ प्रमादात आहे, हा विचार तत्त्वार्थसूत्राने मांडला. पायाखालच्या मुंगीसाठी जी दृष्टी शिकविली गेली, तीच दृष्टी डोक्यावरच्या धोंड्याकडे आणि त्याखाली राहणाऱ्या माणसांकडे वळविण्यास वेगळ्या उपदेशाची गरज नाही.

पालेच्या लेण्यात भदंत इंदरखितांनी निवारा करविला तेव्हा त्यासोबत पोढीही करविली, आणि दोहोंची नोंद एकाच लेखात केली. पुढच्या वर्षाकाळात येथे येणाऱ्या अनोळखी जीवांची ती चिंता होती. मावळच्या, बागलाणच्या आणि महाडच्या कड्यांखाली येणाऱ्या प्रत्येक पावसाळ्यात दिवे लागणार आहेत. त्या दिव्यांखालची माणसे सकाळी सुखरूप उठावीत, यासाठी कोणीतरी डोंगराकडे पाहत राहिले पाहिजे. हे काम यादीवर सोडून भागणार नाही.